उच्चार इंग्रजीचा, शास्त्र घरचे

करवीर संस्थानचे तरुण अधिपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, निवर्तले. प्रवासात त्यांनी इंग्रजीतून ठेवलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. तिच्या मुखपृष्ठावर कोल्हापूरच्या नावाची जी अक्षरे जुळवली आहेत, ती आजच्या सरकारी पाटीवरील अक्षरांशी जुळत नाहीत. त्या काळातील इतर इंग्रजी कागदपत्रांत तर ‘ह’चा पत्ताच नाही, तेथे नुसते ‘कोलापोर’ आहे. ‘ल’ आणि ‘ह’ एकाच श्वासात मिसळून होणारा ‘ल्ह’ इंग्रजी भाषेच्या ध्वनिसंपत्तीत नाही. जो ध्वनी मायबोलीने कानाला शिकवला नाही, तो कानाने टिपला नाही आणि म्हणून लेखणीने उतरवला नाही. पन्हाळ्याच्या ‘न्ह’चीही हीच गत झाली.

यावरून कोणा कोल्हापूरकराने त्या साहेबांना अडाणी ठरवले नाही. परकी जीभ, परके नाव, असेच होणार, असे म्हणून ते सोडून दिले गेले. मात्र आज करवीर किंवा कागल तालुक्यातील एखादा हुशार मुलगा पुण्यातील मुलाखतीत ‘पशुवैद्य’ आणि ‘ओला’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द एकाच ‘वेट’मध्ये उच्चारतो, किंवा ‘विचार करणे’ या अर्थाचा शब्द मराठी ‘थ’ने सुरू करतो, तेव्हा समोरची माणसे ओठ दाबून हसतात. ती माणसे साहेब नसतात. बहुतेक वेळा मराठीच असतात. साहेबाच्या कानाला जी सवलत मिळाली, ती या मुलाच्या जिभेला मिळत नाही. या हसण्याची धास्ती इतकी खोल रुजली आहे, की मूल तीन वर्षांचे होते न होते तोच घरातील सर्वांत मोठा निर्णय त्या धास्तीपोटी घेतला जातो. मराठी शाळेच्या वर्गातील बाके रिकामी होतात आणि टाय बांधलेली बालके पिवळ्या बसमध्ये चढतात.

हा निर्णय घेणाऱ्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मुलाचे हित हवे आहे. पण ज्या गोष्टीसाठी ते एवढी किंमत मोजतात, ती गोष्ट त्या बसच्या दुसऱ्या टोकाला खरोखर मिळते का, हे कोणीतरी तपासायला हवे.

बहुतेक ठिकाणी इंग्रजीची सुरुवात होते ती अक्षरांच्या नावांनी. सी, ए, टी, म्हणजे मांजर. बालक ते पाठ करते आणि पालक समाधान पावतात. पण सी, ए आणि टी ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘सीएटी’ निघेल. ‘कॅट’ निघणार नाही. ‘कॅट’ या शब्दात जे आहे ते क्, ॲ आणि ट्. अक्षरांची नावे आणि शब्दातील ध्वनी ही दोन वेगळी कुळे आहेत. इंग्रजीची अक्षरे २६. प्रमाण ब्रिटिश उच्चारातील ध्वनी सुमारे ४४, त्यांत २० स्वर आणि २४ व्यंजने. ४४ माणसांना २६ सदरे पुरवायचे म्हटल्यावर जी ओढाताण व्हायची, तीच इंग्रजी स्पेलिंगमध्ये चालू आहे. त्यातच कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना घातला, हळूहळू स्पेलिंग गोठत गेली, आणि त्याच सुमारास व त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मुखात आपापल्या जागा सोडून सरकले. लेखन मागे राहिले आणि बोलणे पुढे गेले. म्हणूनच ‘नाइट’ या योद्ध्याच्या नावाच्या आरंभी एक ‘के’ आजही मुकाट उभा आहे, आणि ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ‘दो’, ‘थ्रू’, ‘कफ’, ‘रफ’ या चार शब्दांत चार निराळे आवाज काढतात.

अशा लिपीत वाचायला शिकणाऱ्या मुलाला प्रथम काय यायला हवे, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांत मोठे वाद झाले. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन समितीचा अहवाल आला. इंग्लंडमध्ये २००६ साली जिम रोझ यांचा अहवाल आला आणि २०१२ पासून तेथे पहिल्या इयत्तेतील मुलांची ध्वनिवाचन-चाचणी सुरू झाली. या सर्व घुसळणीतून वर आलेले लोणी थोडक्यात असे, की शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो हे मुलाच्या कानाला आधी उमगावे लागते. ‘कॅट’मधील पहिला ध्वनी काढला तर काय उरते? ‘ॲट’. त्याच्या आधी ‘ब्’ लावला तर? ‘बॅट’. हा खेळ डोळे मिटून खेळता येतो. त्याला पाटीही लागत नाही. भाषाशास्त्रात अशा अर्थभेद करणाऱ्या ध्वनीला स्वनिम म्हणतात. स्वनिमांची जाण आली, की मग कोणता ध्वनी कोणत्या अक्षराने लिहितात हे शिकवणे सोपे जाते.

आता हेच ज्ञान ‘फोनिक्स’ या नावाने शहराशहरांतून विकले जाते. रंगीत तक्ते, गाण्यांच्या ध्वनिफिती, प्रमाणपत्रे आणि भरभक्कम शुल्क. घेणाऱ्यांना वाटते, काही तरी अगदी नवे आणि पाश्चात्त्य पदरात पडले. वस्तुतः शब्दाला ध्वनींत उकलणे, प्रत्येक ध्वनीचे मुखातील स्थान निश्चित करणे, जीभ कोठे लागते, हवा अडते की घासून निसटते, कंठ कंप पावतो की नाही, यांचा हिशेब मांडणे हा उद्योग या भूमीत अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी शिखराला पोहोचला होता. सहा वेदांगांपैकी पहिले अंग ‘शिक्षा’, आणि शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. शाळेला आज जो शब्द लावला जातो तो मुळात उच्चार शिकवण्याचा शब्द आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वेदांच्या शाखाशाखांची प्रातिशाख्ये आहेत. पाणिनीय शिक्षेत वर्णांची संख्या ६३ किंवा ६४ सांगून उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालु ही आठ स्थाने दिली आहेत.

हे केवळ स्वकीयांचे कौतुक नव्हे. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिट्नी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ मध्ये व तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषदेचा जन्म पॅरिसमध्ये झाला तो त्यानंतर, १८८६ मध्ये. लंडनचे प्राध्यापक जे. आर. फर्थ यांनी १९४६ साली इंग्लंडमधील ध्वनिशास्त्राच्या परंपरेचा मागोवा घेताना स्वच्छ कबुली दिली, की विल्यम जोन्स यांनी ज्या भारतीय वैयाकरणांचा परिचय करून दिला त्यांच्यावाचून एकोणिसाव्या शतकातील ध्वनिशास्त्राची कल्पना करणे कठीण आहे. त्यांच्याच प्रभावळीतील ॲलन यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतातील ध्वनिशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

येथपर्यंत वाचून छाती फुगवणे सोपे आहे, आणि ते काम गेली अनेक वर्षे उत्साहाने चालूही आहे. ‘आपली वर्णमाला जगात सर्वांत शास्त्रशुद्ध’ हे वाक्य कोणत्याही व्याख्यानमालेत टाळ्या घेते. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना ‘क’चा वर्ग पहिला आणि ‘प’चा वर्ग शेवटचा का, हे सांगता येईल? कंठापासून निघालेली ही यात्रा तालु, मूर्धा, दंत या मुक्कामांवरून ओठांच्या वेशीपाशी संपते. प्रत्येक मुक्कामावर आधी अघोष, मग घोष, प्रत्येकाचा आधी अल्पप्राण, मग महाप्राण आणि शेवटी नाकातला. हा मुखाचा नकाशा आहे. शाळांत मात्र तो ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ असा चित्रांच्या माळेत ओवून घोकला जातो. मुलाला खटारा आठवतो. ‘क’ आणि ‘ख’ यांत फक्त श्वासाच्या एका झोताचे अंतर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ज्याला स्वतःच्या घराचा नकाशा वाचता येत नाही, त्याने पूर्वजांनी तो काढला एवढ्यावर मिरवावे, हे काही भूषण नव्हे.

हा नकाशा वाचता येऊ लागला तर इंग्रजीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. मराठी मुलाला अडणारे इंग्रजी व्यंजन-ध्वनी खरे म्हणजे मोजकेच आहेत. ‘फॅन’मधील पहिला ध्वनी घ्या. मराठी ‘फ’ दोन ओठ मिटून, श्वासाच्या झोतासह उघडण्याने होतो. इंग्रजी ध्वनीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासून निसटते. याला नवी संज्ञा लागत नाही. परंपरेने ‘व’ला दंतोष्ठ्य म्हटलेलेच आहे, इंग्रजी ‘व्हॅन’चा आरंभ दंतोष्ठ्य घोष, तर ‘फॅन’चा दंतोष्ठ्य अघोष. ‘वेट’च्या दोन शब्दांचा घोटाळाही येथेच सुटतो. पशुवैद्याच्या शब्दात दात ओठाला लागतात. ओलेपणाच्या शब्दात दातांचे काही काम नाही, ओठ शीळ घालण्यासाठी करावेत तसे गोल होतात. मराठीत एकच ‘व’ दोन्हीकडे खपून जातो, म्हणून कान सावध नसतो. आरशासमोर दोन दिवस उभे राहिले तर हा भेद पाचवीच्या मुलाला साधतो.

‘विचार करणे’ या अर्थाच्या ‘थिंक’चे तसेच. मराठी ‘थ’ म्हणताना जीभ दातांना लागते आणि हवा पूर्ण अडवते. शास्त्राच्या भाषेत तो स्पर्श आहे. इंग्रजी ध्वनीत जिभेचे टोक दातांच्या कडेला नुसते टेकते आणि हवा पसरून वाहत राहते. तो ऊष्म आहे. ‘स’ही परंपरेने दंत्य ऊष्मच, पण त्यात हवा जिभेच्या पन्हाळीतून बारीक धारेने सुटते. ‘दिस’ या दर्शक सर्वनामाचा आरंभ म्हणजे याच ध्वनीचे घोष रूप. स्थान तेच, प्रयत्न वेगळा. एवढे सांगितले की शिक्षकाचे अर्धे काम झाले. ‘प्लेझर’ या शब्दाच्या मध्यातला जो आवाज देवनागरीत धड लिहिताही येत नाही, तो घोष ‘श’ आहे. गळ्यावर बोट ठेवून ‘श’ म्हणायचा आणि बोटाला कंप लागेपर्यंत कंठाला कामाला लावायचे.

‘झ’ची गोष्ट जरा मौजेची आहे. मराठीत ‘चाक’ आणि ‘चाकू’ यांतले ‘च’ सारखे नाहीत. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतले ‘ज’ही सारखे नाहीत. लेखन एक आणि उच्चार दोन. ‘मराठीत लिहितो तसेच बोलतो’ हे बोधवाक्य येथे लटके पडते, आणि ते पडू द्यावे. दंत्य आणि तालव्य यांचा हा भेद मराठीचे स्वतःचे धन आहे. ना. गो. कालेलकर, अशोक केळकर यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा काटेकोर विचार करून ठेवला आहे. पण तो महाविद्यालयाच्या कपाटातून प्राथमिक शिक्षकाच्या टेबलावर कधी आला नाही. परिणाम असा, की ‘झाड’मधल्या दंत्य ‘झ’च्या आधाराने मूल इंग्रजी ‘झू’ बरे म्हणते. पण ‘झिरो’ म्हणताना पुढच्या ‘इ’मुळे मराठी जीभ सवयीने तालूकडे वळते आणि ‘झीज’मधला ‘झ’ उमटतो. शिक्षकाला हे कारण ठाऊक असेल तर तो दोन मिनिटांत दुरुस्त करील. ठाऊक नसेल तर तो एवढेच म्हणेल, की पोराचा उच्चार गावठी आहे.

उलट काही ठिकाणी मराठी कान इंग्रजाच्या कानापेक्षा तल्लख आहे. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा त्याच्या ‘प’मागे श्वासाचा झोत असतो, ‘स्पिन’मध्ये तो नसतो. हा भेद तो स्वतः करतो, पण त्याला तो ऐकू येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, म्हणून मराठी मूल हा भेद उपजतच ऐकते. मराठी माणसाची झोताविना उच्चारलेली ‘पिन’ परक्या कानाला कधी कधी ‘बिन’ वाटते, ती याच कारणाने. तळहात तोंडासमोर धरून ‘पळ’, ‘फळ’ म्हणून पाहिलेल्या मुलाला इंग्रजी ‘प’, ‘ट’, ‘क’ यांची ही खोड समजावायला कितीसा वेळ लागणार? इंग्रजीचा ‘ट’ही मराठी ‘ट’सारखा मूर्धेवर वळत नाही आणि ‘त’सारखा दातांनाही लागत नाही, तो मध्ये, दातांच्या मुळापाशी होतो. दंतमूलीय ही संज्ञाही प्रातिशाख्यांतून तयारच आहे.

येथे एक उलटी खंत नोंदवायला हवी. पिवळ्या बसमधून गेलेल्या मुलांच्या तोंडी आता ‘फूल’ आणि ‘फळ’ही दंतोष्ठ्य होऊ लागले आहे. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि पन्हाळा कधी कधी इंग्रजी पाटीवरून ‘पॅन-हला’ असा वाचला जातो. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाच्या कानाने कोल्हापूरचा ‘ह’ गाळला. आता तो कान घरातच वाढतो आहे.

स्वरांचे प्रकरण अधिक कष्टाचे आहे आणि तेथे मराठी मुलाची अडचण खरी आहे. ‘जहाज’ या अर्थाचा ‘शिप’ आणि ‘मेंढी’ या अर्थाचा ‘शीप’ यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे; शिवाय जिभेच्या उंचीचाही आहे. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच होऊन बसले आहेत. वेदपाठशाळेत ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत मात्रा बोटे मोजून घोटल्या जातात. बाहेरच्या शाळेत ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीतले लाल शेरे. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांसाठी मराठीने ॲ आणि ऑ घडवले आणि २००९ साली शासनाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेत त्यांना रीतसर स्थानही दिले. नवा ध्वनी आला तर त्याला नकाशात जागा करून देण्याची ही वृत्ती योग्यच होती. तीच पुढे न्यायला हवी.

सुट्या ध्वनींवर काम संपत नाही. आघाताचा प्रश्न उरतो, आणि त्यावर तर तैत्तिरीय संहितेत एक कथाच आहे. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी तिचा दाखला दिला आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द अंत्य स्वरावर उदात्त ठेवून म्हटला तर अर्थ होतो इंद्राला मारणारा. आद्य पदावर उदात्त आला तर इंद्र ज्याला मारणारा आहे तो. त्वष्ट्याचा स्वर चुकला आणि वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. ‘ऑब्जेक्ट’, ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’ हे इंग्रजी शब्द पहिल्या अवयवावर जोर दिला तर नामे होतात आणि दुसऱ्यावर दिला तर क्रियापदे. ज्या मुलाने वृत्राची गोष्ट ऐकली आहे, त्याला हा नियम पुन्हा कशाला पाठ करायला हवा?

मराठी लिपीतून शिकणाऱ्या मुलापुढे एक अडथळा मात्र आहेच, आणि तो झाकून ठेवण्यात हशील नाही. देवनागरीत ‘का’ हे एक अक्षर दिसते. त्यातला क् आणि आ वेगळे दिसत नाहीत. अक्षर हेच मुलाच्या वाचनाचे एकक बनते. सीमेपलीकडच्या कन्नड लिपीची घडणही अशीच. सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कन्नड वाचणाऱ्या मुलांना स्वनिमांची जाण सावकाश येते असे दिसून आले. इंग्रजीसाठी नेमकी तीच जाण हवी असते. पण याचेही औषध मराठी व्याकरणाच्या पुस्तकातच आहे. क्+अ+म्+अ+ळ्+अ अशी शब्दाची फोड वरच्या वर्गांत संधीच्या धड्यापूर्वी दोन गुणांसाठी करून घेतात. तीच फोड पहिली-दुसरीत तोंडी खेळ म्हणून आली पाहिजे. ‘कान’मधला क् काढा, ‘आन’ उरला. त्याला म् लावा, ‘मान’ झाला. प् लावा, ‘पान’ झाले. मातृभाषेत अशी उकल करू शकणारे मूल दुसऱ्या भाषेतही ती करते. अमेरिकेतील स्पॅनिशभाषी पहिलीच्या मुलांवर १९९३ साली झालेल्या अभ्यासातून हेच पुढे आले: स्पॅनिशमधील ध्वनिजाण ज्यांची पक्की, त्यांना इंग्रजी शब्द वाचणे सोपे गेले. म्हणजे इंग्रजीची वाट मातृभाषेतूनच जाते. मातृभाषा कच्ची ठेवून इंग्रजी पक्के करण्याचा खटाटोप पाया न खणता मजला चढवण्यासारखा आहे.

राष्ट्रीय विचारांच्या नियतकालिकाने इंग्रजी उच्चारांची एवढी काळजी का वाहावी, असेही कोणी विचारील. टिळक, आगरकर आणि चिपळूणकर यांनी १८८० साली पुण्यात राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय त्याच वर्षीचे. इंग्रजीला भिऊन किंवा तिची आरती करून त्या पिढीने काम केले नाही. ती तिने कमावली आणि वापरली. याच राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला अभ्यासाचे बळ दिले. शब्द परके की स्वकीय, याचा विचार त्या पिढीने जीव ओतून केला. ध्वनींच्या शुद्धीचा विचार मात्र वेदपाठशाळेच्या उंबऱ्याआतच राहिला.

आणि शुद्ध उच्चार म्हणजे साहेबी लकब नव्हे, हेही सांगून टाकावे. नाकात बोलणे, खांदे उडवणे, ‘र’ गिळणे यांच्याशी या विवेचनाचा काही संबंध नाही. मराठी माणसाचे इंग्रजी मराठी वळणाचेच असणार आणि असावे. तमिळ माणसाचे तमिळ वळणाचे असते, स्कॉटिश माणसाचे स्कॉटिश. प्रश्न एवढाच, की ज्या दोन ध्वनींच्या भेदाने अर्थ बदलतो, तो भेद ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही. तो पोहोचला की पुढचे हसणे हे हसणाऱ्याच्या न्यूनगंडाचे लक्षण ठरते.

अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने मार्च २०१८ मध्ये नागपूरला ठराव करून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून वा अन्य भारतीय भाषेतून व्हावे असा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत हाच मार्ग सांगितला आहे. पण ठराव आणि धोरणे पालकाच्या मनातली धास्ती घालवत नाहीत. मराठी शाळेतले मूल इंग्रजीत अडत नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पाव शतक उलटले. या काळात इंग्रजीची पुस्तके किती वेळा बदलली, याची चर्चा पुष्कळ झाली. इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाला मराठीचे आणि इंग्रजीचे ध्वनी शेजारी शेजारी ठेवून दाखवण्याचे काम मात्र कोणाच्या वाट्याला आलेच नाही.

कोल्हापूरला ते करण्याचा अधिकार अधिक आहे. १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण देणारे राजर्षी शाहू महाराज येथले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक याच जिल्ह्यातले, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करून मराठी माध्यमातली शाळा किती जिवंत असू शकते हे दाखवले. लीलाताईंची वैचारिक वाट वेगळी होती. तरी त्यांच्या शाळेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते शिकायला संकोच नको.

काम मोठ्या निधीचेही नाही. विद्या भारतीच्या शाळा, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील उत्साही शिक्षक, शिवाजी विद्यापीठातील इंग्रजी, मराठी आणि संस्कृतचे जाणकार, आणि ज्यांचा स्वर वर्षानुवर्षे घोटलेला आहे असे दोन वेदमूर्ती: एवढी मंडळी मे महिन्याच्या सुटीत आठवडाभर एकत्र बसली, तर स्थान-प्रयत्नांच्या चौकटीत मराठी आणि इंग्रजी ध्वनी मांडणारा एक भिंतीवरचा तक्ता आणि पहिली-दुसरीसाठी शंभरेक तोंडी खेळ तयार होतील. वर्गात लागेल ते साहित्य म्हणजे एक हातआरसा, कागदाची एक पट्टी आणि गळ्यावर ठेवायला प्रत्येकाचे स्वतःचे बोट. १५ जूनला शाळा उघडते.